ग्वाल्हेर-चंबळचे पक्षी पाहताना कॅमेरा कुठे थांबवायचा?

मार्च उजाडला की चंबळ नदीचं पाणी उतरायला लागतं आणि पात्राच्या मधोमध वाळूची बेटं उघडी पडतात. ग्वाल्हेरहून आग्र्याच्या रस्त्याने मुरैना ओलांडलं की ही नदी लागते, गाडीने तास-दीड तासाचं अंतर. या बेटांवर पाणचिरा वीण करतो. घरटं म्हणजे वाळूत केलेला वाटीएवढा खळगा आणि त्यात तीन-चार अंडी, वाळूच्याच रंगाची, ठिपकेदार. नारिंगी चोच, त्यात खालची चोच वरच्यापेक्षा लांब, आणि उडता उडता ती पाण्यात बुडवून नांगरासारखी ओढत मासे पकडायची सवय. असा पक्षी कॅमेरावाल्यांना ओढून घेतो यात नवल नाही. जगात प्रौढ पाणचिरे तीन हजारांच्या आत उरले आहेत आणि त्यांच्या विणीच्या मोजक्या जागांमध्ये चंबळचा क्रमांक फार वरचा आहे.

मे महिन्यात या भागात पारा पंचेचाळिशीला टेकतो. वाळू त्याहून जास्त तापते, अनवाणी पाय ठेववत नाही. अशा वाळूवर अंडी उबवण्यापेक्षा ती थंड ठेवणं हेच मोठं काम असतं. नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर सावली धरतात, मध्येच नदीवर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतात आणि ओल्या पोटाने परत बसतात. एखादी होडी बेटाला लागली, कुणी उतरून चार पावलं पुढे गेलं, की सगळी वसाहत एकदम उठते. वर निळं आकाश, त्यात गोल फिरणारे पाणचिरे आणि खाली नदी: फोटो झकास येतो. तेवढ्या वेळात खाली अंडी उन्हात उघडी पडलेली असतात. होडी निघून जाते, पक्षी परत बसतात, फोटो काढणाऱ्याला सगळं पूर्ववत झालेलं दिसतं. अंड्यातला जीव भाजून गेला की वाचला, हे त्या दिवशी कुणालाच कळत नाही.

वन्यजीव छायाचित्रणातल्या नीतीचा सगळा गुंता या एका गोष्टीत आहे. नुकसान होतं ते बहुतेक वेळा चौकटीच्या बाहेर आणि फोटोवाला गेल्यानंतर. त्यामुळे 'आम्ही काहीच केलं नाही, फक्त फोटो काढला' असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याने पाहिलेलंच नसतं.

किती लांब राहायचं?

नवीन माणूस हा प्रश्न नेहमी मीटरमध्ये विचारतो. उत्तर मीटरमध्ये देता येत नाही. रस्त्याकडेच्या तारेवर बसलेला नीलकंठ दहा मीटरवरच्या जीपकडे ढुंकून पाहणार नाही, आणि तोच नीलकंठ गाडीतून माणूस उतरला की पन्नास मीटरवरून उडेल. बेटावरचा पाणचिरा एरवी होडी जवळून जाऊ देईल, पण अंडी असताना त्याच्या दुप्पट अंतरावरून अस्वस्थ होईल. म्हणून अंतर ठरवायचं ते पक्ष्याच्या वागण्यावरून. तो जे करत होता ते थांबवून तुमच्याकडे बघायला लागला, तर तुम्ही सीमेवर आहात. मान ताठ झाली, चरणं थांबलं, डोकं वरखाली हलायला लागलं, टिटवीने ओरडायला सुरुवात केली, की सीमा ओलांडली गेली. रातवा किंवा टिटवी पंख मोडल्याचं सोंग करत जमिनीवरून फरफटत निघाली, तर पिल्लं किंवा अंडी पायाजवळच कुठेतरी आहेत असं समजायचं आणि आल्या पावली, त्याच वाटेने मागे फिरायचं. हा 'अभिनय' व्हिडिओत टिपण्यासाठी तिथेच उभे राहणारे लोकही असतात. पक्षी जीव तोडून सांगत असतो की जा, आणि हे रेकॉर्डिंग चालू ठेवतात.

चंबळमध्ये आणखी एक अडचण आहे. पाणी फार उतरलं की बेटं काठाला जोडली जातात, आणि मग कुत्री, कोल्हे, गुरं सरळ चालत घरट्यांपर्यंत पोचतात. माणसाच्या वावराने उडालेले पक्षी बघून कावळे अंडी हेरतात. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने काही वर्षांपूर्वी नदीकाठच्या गावांतलीच माणसं घरट्यांची राखणदार म्हणून नेमायला सुरुवात केली, त्यामागे हेच कारण होतं. भर उन्हात दिवसभर काठावर बसून कुत्री हाकलणाऱ्या या माणसांसमोरून होडी घेऊन बेटावर उतरणं ही नुसती पक्ष्यांशी केलेली आगळीक नाही.

शिकारीची व्याख्या वाचली आहे का?

ग्वाल्हेर आणि शिकार यांचं नातं जुनं आहे. शिवपुरी ही शिंदे सरकारची उन्हाळी राजधानी आणि शिकारीचं रान. पहिल्या माधवराव शिंदे महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकेतून सिंह आणवून या भागातल्या जंगलात सोडले होते. ते गुरांवर आणि माणसांवर हल्ले करायला लागले आणि प्रयोग फसला. त्या काळी वाघ मारायचा तर हाका घालत: ढोल, डबे वाजवत रानातून माणसं चालायची आणि जनावर मचाणाच्या दिशेने रेटलं जायचं. ते दिवस गेले असं आपण म्हणतो. पण दोन्ही बाजूंनी जिप्सी लावून वाघाला मधल्या रस्त्यावर धरून ठेवणं याला हाका नाही तर दुसरं काय म्हणायचं?

कायद्यालाही ते तसंच दिसतं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २ (१६) मध्ये शिकारीची व्याख्या आहे. ठार मारणं, विष घालणं, पकडणं, सापळा लावणं हे त्यात आहेच, पण पाठलाग करणं, हाकणं आणि आमिष दाखवणं हेही आहे. पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत तर अंडी किंवा घरटी यांना नुकसान पोचवणं, इतकंच काय, ती विस्कटणं वा छेडणं हेदेखील शिकारीत मोडतं. म्हणजे फ्लेमिंगोचा थवा उडावा म्हणून त्यात होडी घालणारा, गरुडाचा झेपेचा फोटो मिळावा म्हणून दोरीला उंदीर बांधणारा आणि घरट्यापुढच्या डहाळ्या छाटणारा, यांपैकी कुणाच्याही हातात बंदूक नसली तरी व्याख्येत ते येऊ शकतात.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षाही वाढल्या. सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार किंवा अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात केलेली शिकार असेल, तर कैद किमान तीन वर्षं, कमाल सात वर्षं आणि दंड पंचवीस हजारांच्या खाली नाही. त्याच दुरुस्तीने अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवानगी देण्याच्या कलम २८ मध्येही शब्द घातले: अधिवासात बदल न करता आणि वन्यजीवांवर वाईट परिणाम न होऊ देता. आता घरट्याचा फोटो काढला म्हणून कुणी तुरुंगात गेल्याचं सहसा ऐकू येत नाही, हे खरं. पण 'यात बेकायदेशीर काय?' हा प्रश्न जे विचारतात, त्यांनी हे कलम एकदा वाचावं.

गोठणगावची पाच पिल्लं

३१ डिसेंबर २०२४. नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगाव भागात एफ-२ नावाने ओळखली जाणारी वाघीण आपल्या पाच पिल्लांसह रस्त्यावर होती. वर्षअखेरची गर्दी. सफारीच्या गाड्यांनी पुढून आणि मागून वाट अडवली आणि वाघीण पिल्लांसह मध्ये अडकली. याचे व्हिडिओ पर्यटकांनीच काढले आणि त्यांनीच पसरवले, म्हणूनच प्रकरण बाहेर आलं. गाडीचालक आणि गाइड यांच्यावर निलंबनाची आणि दंडाची कारवाई झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

या प्रकरणात शिक्षा झाली ती मुख्यतः चालक आणि गाइडना. त्यांची चूक होतीच. पण चालकाला 'आणखी थोडी पुढे घे' असं सांगणारा, आणि गाडी पुढे घेतली की दोनशे-पाचशेची नोट काढणारा मागच्या सीटवर बसलेला असतो. सफारीच्या गावांत चालकाची रोजची कमाई बक्षिसीवर चालते आणि वाघ दिसला नाही तर बक्षिसी मिळत नाही. हा हिशोब जोवर बदलत नाही तोवर निलंबनाने फार फरक पडेल असं वाटत नाही. पर्यटकाने गाडीत बसतानाच 'वाघ नाही दिसला तरी चालेल, गाडी लांब ठेवा' एवढं सांगितलं, तर चालकाचा जीव भांड्यात पडतो. बहुतेक चालकांना जंगल आपल्यापेक्षा जास्त कळतं, त्यांना फक्त मुभा हवी असते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉर्बेट प्रकरणाच्या निकालात व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटन विभागात मोबाइल वापरायला मनाई केली. मार्च २०२५ मध्ये शिवपुरीचं माधव राष्ट्रीय उद्यानही व्याघ्र प्रकल्प झालं आहे, त्यामुळे ग्वाल्हेरकरांच्या घराजवळच हा नियम आला. मोबाइलची अडचण फोटोपेक्षा निराळी आहे. एका गाडीला वाघ दिसला की दुसऱ्या गाडीला फोन जातो आणि पाच मिनिटांत वीस गाड्या जमतात.

घरट्याचे फोटो

मध्य प्रदेशचा राज्यपक्षी दूधराज, म्हणजे आपला स्वर्गीय नर्तक. नराची पांढरी लांब शेपूट, आंब्याच्या किंवा बांबूच्या फांदीच्या बेचक्यात वाटीसारखं घरटं, आणि त्यातून वर आलेल्या तीन उघड्या चोची. हा फोटो इतक्या जणांनी काढला आहे की त्यात नवीन काही उरलेलं नाही. तरी दर उन्हाळ्यात तो पुन्हा काढला जातो. फांद्या आड येतात म्हणून पानं बाजूला बांधली जातात, कधी तोडलीही जातात. पानांची ती आडोशाची जागा पक्ष्याने मुद्दाम निवडलेली असते: दुपारचं ऊन आणि शिक्रा, टकाचोर, कावळा यांच्यापासून लपण्यासाठी. पान हटलं की दोन्ही आत येतात. पिल्लं मोठी झालेली असतील तर घाबरून वेळेआधीच घरट्याबाहेर उड्या टाकतात, आणि न उडता येणारं पिल्लू जमिनीवर किती वेळ टिकेल हे मांजर असलेल्या कुठल्याही गावात सांगायला नको.

धनेशाचं आणखी वेगळं. दांडेली-गणेशगुडीला जाणाऱ्या बेळगावकरांना हे ठाऊक असेल. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला चिणून घेते, फक्त चोचीपुरती फट राहते, आणि कित्येक आठवडे नरच तिला आणि पिल्लाला भरवतो. ढोलीसमोर तिवया लावून दहा जण बसले तर नर आसपासच्या झाडावर चोचीत फळ घेऊन ताटकळतो. आतल्या दोघांचं एक जेवण चुकतं. बाहेर बसलेल्यांना मात्र 'आज नर फार उशिरा आला' एवढंच वाटतं.

या सगळ्यामुळे देशातल्या अनेक छायाचित्र स्पर्धांनी आणि निसर्गविषयक प्रकाशनांनी घरट्याचे फोटो घेणंच बंद केलं आहे. काहींना हे फार कडक वाटतं. शास्त्रीय अभ्यासासाठी, परवानगी घेऊन, आडोशातून केलेलं चित्रण निराळं, हा त्यांचा मुद्दा बरोबर आहे. पण पसंतीच्या अंगठ्यांसाठी काढलेला दूधराजाचा दहा हजारावा फोटो म्हणजे अभ्यास नव्हे.

आवाज वाजवून बोलावणं

मर्लिनसारखं अ‍ॅप हाती आल्यापासून पक्ष्याचा आवाज ओळखणं सोपं झालं. तोच आवाज स्पीकरवर वाजवून पक्षी झुडपाबाहेर काढणंही सोपं झालं. विणीच्या काळात नराला तो आवाज म्हणजे आपल्या हद्दीत घुसलेला दुसरा नर वाटतो. तो चरणं सोडतो, घरट्याजवळची राखण सोडतो आणि नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. एकदा केलं तर कदाचित फार बिघडत नसेल. पण प्रसिद्ध ठिकाणी एकाच नवरंगाला, एकाच पिंगळ्याला सकाळपासून पाच गट पाच वेळा बोलावतात.

यात सर्वाधिक सोसावं लागतं ते दुर्मिळ पक्ष्याला, कारण त्याच्यासाठीच लोक येतात. रानपिंगळ्याचं उदाहरण मराठी वाचकाला जवळचं आहे. १८८४ नंतर या छोट्या घुबडाची खात्रीची नोंद नव्हती. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि सहकाऱ्यांना तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ सापडला. एकशे तेरा वर्षांनी. पुढे मेळघाटात आणि इतरत्रही नोंदी झाल्या.

या शोधामागे एक फसवणुकीची गोष्ट आहे आणि ती इथे सांगायलाच हवी. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश कर्नलने आपण १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ रानपिंगळा मिळवला असं नोंदवलं होतं. प्रत्यक्षात तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना होता, त्याने नवीन चिठ्ठी लावली होती. त्या खोट्या नोंदीमुळे शोधणारे कैक वर्षं चुकीच्या भागात हिंडत राहिले. रासमुसेन यांनी ही लबाडी उघडकीला आणली, तिच्यावर अवलंबून न राहता खऱ्या जुन्या नोंदींच्या जागा शोधल्या, आणि पक्षी मिळाला. यादीत एक नाव वाढावं म्हणून न पाहिलेला पक्षी 'पाहिला' लिहिणाऱ्यांना ही गोष्ट कुणीतरी सांगत जावी.

जागा सांगायची की लपवायची?

खरी नोंद करणं आणि नेमकी जागा चारचौघांत टाकणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ई-बर्डवर पक्षी नोंदवला की तो अभ्यासाच्या कामी येतो, आणि ज्या जातींना धोका आहे अशा संवेदनशील जातींची नेमकी जागा ई-बर्ड सर्वांना दाखवत नाही. व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकलेल्या लोकेशनला असा पडदा नसतो. दिवाळीच्या आधीच्या दिवसांत तर घुबडाची जागा कुठेही टाकू नये. अंधश्रद्धेपायी घुबडांचा व्यापार होतो आणि तो या दिवसांत वाढतो, हा इशारा वन्यजीव संस्था दरवर्षी देतात.

ग्वाल्हेरच्या बाबतीत जागेचा प्रश्न निघाला की माळढोक आठवतो. इथल्या भाषेत सोन चिरैया किंवा हुकना. त्याच्यासाठी १९८१ मध्ये दोन अभयारण्यं झाली, ग्वाल्हेर जिल्ह्यात घाटीगाव आणि शिवपुरी जिल्ह्यात करैरा. करैऱ्यात सुरुवातीला माळढोक वाढले, त्यांच्यावर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने अभ्यासही केला. पण अभयारण्यात लोकांची खासगी शेतं होती. जमिनीच्या खरेदी-विक्रीवर बंधनं आली, काळवीट वाढून पिकं खायला लागले, आणि गावकऱ्यांना पक्षी म्हणजे संकट वाटायला लागलं. १९९०च्या दशकात करैऱ्यातून माळढोक गेला. पुढे घाटीगावातूनही गेला. सोलापूरकरांना ही कथा ओळखीची वाटेल: १९७९ मध्ये जाहीर झालेलं तिथलं माळढोक अभयारण्य आठ हजार चौरस किलोमीटरहून मोठं होतं, ते पुढे बाराशेच्या आसपास आणावं लागलं, आणि तरी नान्नजच्या माळावर आता पक्षी दिसणं जवळपास दुर्मिळच. साऱ्या देशात माळढोक दीडशेच्या आत आहेत.

छायाचित्रकारांनी माळढोक संपवला असं म्हणणं खोटं ठरेल. वीजवाहिन्या, शेतीखाली गेलेले माळ, कुत्री, शिकार ही मोठी कारणं. पण वर्षाला एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्याच्या मागे माळावरून जीप पळवणारे लोकही होते. शिवाय करैऱ्याने शिकवलेली गोष्ट पक्षी पाहणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे: पक्षी ज्याच्या शेतात आहे तो माणूस नाराज असेल तर पक्षी राहत नाही. हरभऱ्याच्या उभ्या पिकातून तिवई घेऊन चालत जाणं, फाटक उघडून तसंच सोडणं, शेतकऱ्याला न विचारता बांधावर गाडी चढवणं, हे सगळं पक्ष्याच्या खात्यावर मांडलं जातं. ग्वाल्हेर-शिवपुरीच्या पाणथळ शेतांत सारस जोड्या अजून दिसतात, त्या शेतकऱ्यांनी चालवून घेतल्या म्हणून. गोंदियातही तेच आहे. तिथे गेल्यावर आधी राम राम, मग दुर्बीण.

चित्त्याला पाणी

कुनोतले चित्ते सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आले, मग फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून. खुल्या जंगलात सोडल्यावर ते राष्ट्रीय उद्यानाची हद्द काही ओळखत नाहीत, आसपासच्या जिल्ह्यांतल्या गावांत शिरतात आणि लगेच शंभर मोबाइल बाहेर निघतात. २०२५ च्या मार्चमध्ये एका मादीने आणि तिच्या पिल्लांनी वासरू धरलं तेव्हा गावकऱ्यांनी दगड मारल्याचा व्हिडिओ फिरला. एप्रिलमध्ये दुसरा व्हिडिओ आला: वन विभागाच्या गाडीचा चालक ताटलीत पाणी ओतून चित्त्यांना जवळ बोलावतो आहे आणि ते येऊन पितात. लोकांना गहिवरून आलं. वन विभागाने चालकावर कारवाई केली.

बऱ्याच जणांना ती अन्यायाची वाटली, आणि दगडापेक्षा पाणी बरं हे कुणीही मान्य करेल. तरी विभागाचं म्हणणं समजून घेण्यासारखं आहे. माणसाच्या हातून पाणी मिळतं हे जनावर एकदा शिकलं की ते पुढच्या माणसाकडेही तसंच जातं, आणि पुढच्या माणसाच्या हातात ताटली असेल की काठी, हे त्याला कळायचा मार्ग नाही. भिगवणला आणि मुंबईच्या खाडीत कुरव पक्ष्यांना शेव-गाठी फेकून जवळ आणतात आणि फोटो काढतात, तेही याच जातीचं आहे. तळलेलं, खारट पीठ हे माशांवर जगणाऱ्या पक्ष्याचं अन्न नव्हे. फरक एवढाच की कुरवांसाठी कुणी निलंबित होत नाही.

फोटो खरा आहे का?

ग्वाल्हेरच्या फुलबागेत गांधी प्राणी उद्यान आहे. तिथे वाघाचा फोटो काढण्यात काहीच गैर नाही, उलट शिकणाऱ्याने तिथेच सराव करावा. गैर होतं ते जाळी पुसून खाली 'शिवपुरीच्या जंगलात' लिहिलं की. जगातली सर्वांत नावाजलेली वन्यजीव छायाचित्र स्पर्धा लंडनचं नॅचरल हिस्ट्री म्युझियम भरवतं. तिने २००९ चा सर्वोच्च पुरस्कार परत घेतला, कारण कुंपणावरून उडी मारणारा तो लांडगा पाळीव असल्याचं परीक्षकांचं मत झालं. २०१८ मध्ये ब्राझीलच्या एका फोटोचा पुरस्कार रद्द झाला, त्यातलं मुंगीखाऊ बहुधा पेंढा भरलेलं होतं.

आंबोलीत पावसाळ्यात रात्री फिरणाऱ्यांमध्ये याचीच धाकटी आवृत्ती चालते. चापडा जिथे बसला आहे तिथून काठीने उचलून शेवाळलेल्या फांदीवर मांडायचा, उडता बेडूक हातात धरून पानावर ठेवायचा, आणि फोटोखाली 'निसर्गात टिपलेला क्षण' लिहायचं. बेडूक कातडीनेही श्वास घेतो. आपल्या हातावरचं डास पळवायचं मलम त्या कातडीला काय करत असेल याचा विचार करायला रात्रीच्या त्या उत्साहात कुणाला सवड नसते.

उलट बाजूचं उदाहरण पुन्हा चंबळचंच आहे. घडियालाची पिल्लं जूनच्या आसपास अंड्यांतून बाहेर येतात आणि कित्येकदा एकाच मोठ्या नराच्या पाठीवर, आसपास डझनावारी जमतात. धृतिमान मुखर्जी यांनी टिपलेल्या अशा नराच्या फोटोला २०२० मध्ये लंडनच्या त्याच स्पर्धेत विशेष उल्लेख मिळाला. कित्येक दिवस काठावर शांत बसून, लांबून काढलेला तो फोटो. त्यात पाण्यातून वर आलेलं थोडंसं शरीर आणि त्यावर खच्चून भरलेली पिल्लं एवढंच दिसतं. जवळ गेले असते तर नर पाण्यात बुडाला असता आणि पिल्लं विखुरली असती. म्हणजे हा फोटो लांबूनच मिळण्यासारखा होता.

कधी जावं, कसं जावं

सीमाभागातून ग्वाल्हेरला जायला वास्को-निजामुद्दीन गोवा एक्स्प्रेस सोयीची, ती बेळगाव, मिरज, पुणे करत थेट तिथे पोचते. लष्करात नातेवाईक असलेली मराठी घरं आजही पुष्कळ आहेत, त्यामुळे मुक्कामाची चिंता अनेकांना नसते. पक्षी पाहायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. चंबळला तेव्हा स्थलांतरित बदकं असतात, घडियाल आणि मगरी ऊन खात काठावर पडलेल्या असतात, आणि शिवपुरीचं सख्यासागर, जे २०२२ पासून रामसर स्थळ आहे, तेही भरलेलं असतं. पाणचिरे फेब्रुवारीपासून नदीवर जमायला लागतात. तेव्हा अंडी नसतात, ते वाळूच्या कडेला रांगेने बसलेले असतात आणि संध्याकाळी पाणी चिरत मासे पकडतात. फोटो हवा असेल तर तो याच दिवसांत घ्यावा.

होडी वन विभागाच्या परवानगीने चालणारीच घ्यावी. नावाड्याला सुरुवातीलाच सांगावं की बेटावर उतरायचं नाही आणि पक्ष्यांच्या दिशेने सरळ जायचं नाही, तिरपं, प्रवाहाबरोबर, इंजिन बंद करून जायचं. कपडे मातकट असावेत, बोलणं कमी. मार्च ते जून गेलात तर होडीतूनच, दुर्बिणीने पाहावं. ओरछा वाटेवर असेल तर तिथल्या छत्र्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत, ती खालून चांगली दिसतात, वर चढायची किंवा ड्रोन उडवायची गरज नाही. ज्याला जवळचे फोटो हवेतच, त्याने बेळगावहून दोन तासांवर गणेशगुडीला जावं. तिथे ओल्ड मॅगझिन हाऊसमध्ये पाण्याची छोटी कुंडं ठेवलेली आहेत, माणसं आडोशाला बसतात आणि पक्षी आपणहून अंघोळीला येतात. आले नाहीत तर त्या दिवशी येत नाहीत.

गैरप्रकार दिसला तर तारीख, वेळ, गाडीचा किंवा होडीचा क्रमांक टिपून जवळच्या वन परिक्षेत्र कार्यालयात द्यावा. महाराष्ट्रात १९२६ हा वन विभागाचा टोल-फ्री क्रमांक आहे. तक्रारीबरोबरचा व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकायचा मोह झाला, तर त्यातून घरट्याची जागा उघड होत नाही ना, ते आधी पाहावं.